दुहेरी टाका

लोक गॅरेजात येतात, कॉफी पितात,
भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून विचारतात,
दोघींत भारी कोणती?

भारी म्हणाल तर शेव्हेल.
सत्तर सालची, वजन पावणेदोन टन,
बॉनेटखाली आठ सिलिंडर.
सुरू केली की माझ्या पान्यांचा ट्रे
टेबलाच्या कडेकडे सरकायला लागतो.
ती ओरिन टीटरची.
दगडखाणीत चाळीस वर्षं सुरुंग लावले त्यानं,
हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं.

दुसरी हेडविगची. नऊशे चौदा.
पोर्शे म्हणावी तर इंजिन फोक्सवॅगनचं,
म्हणून पोर्शेवाले तिला हलकी समजत.
ती होतीच हलकी,
शेव्हेलच्या जेमतेम निम्मी.
इंजिन सीटला पाठ लावून बसलेलं,
रेडिएटर नाही, पाणी नाही,
वारा पिऊन चालायची.
लग्न होऊन आमच्या वेस्ट व्हर्जिनियात येण्याआधी
हेडविग ओस्नाब्रुकला सीटा शिवायची.
"ही माझ्या हातची," म्हणायची,
"गेर्लिंडेचा टाका ढिला असतो."

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार.
खाणीच्या फाटकापासून
वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यापर्यंत
अकरा मैल चढ.
मी बारा वर्षांचा, मनोऱ्यावर, गळ्यात स्टॉपवॉच.
ऐकू आधी शेव्हेल यायची,
दरीतून कुणी कपाट ढकलत आणतंय अशी.
दिसायची मात्र आधी ती पिवळी,
मेपलच्या झाडांतून
सुईसारखी आत-बाहेर, आत-बाहेर.
सरळ रस्त्यावर ओरिन तिला गाठायचा,
कधी मागेही टाकायचा.
मग चर्चचं वळण यायचं,
आणि पावणेदोन टनांना वळ म्हणणं म्हणजे
गाढ झोपलेल्या सासऱ्याला उठवणं.

एकोणीस ऑक्टोबर. ओरिन एकदाही जिंकला नाही.
हरला की टोपी काढून कपाळ पुसायचा,
"अजून अर्धा दम शिल्लक होता हिच्यात."
हेडविग थर्मास उघडायची,
आधी त्याला ओतायची.

मार्चमध्ये ती गेली.
ओरिननं दोन्ही गाड्या माझ्याकडे आणल्या.
"बघून घे," एवढंच.

शेव्हेलचं कारपेट ओल लागून कुजलं होतं.
ते काढताना ॲक्सिलरेटरखाली
हाताला काहीतरी टणक लागलं.
लाकडाचा ठोकळा, काडेपेटीएवढा.
पेडल तळाला टेकूच नये, इतक्याच उंचीचा.
हलू नये म्हणून कातड्यात गुंडाळून
कारपेटच्या पाठीला शिवलेला,
मेणाचा दोरा, दुहेरी टाका,
इंचाला सात.

मी नऊशे चौदाचं दार उघडलं.
सीटच्या शिवणीवर पट्टी धरली.
सात.

जिंकण्यासाठी, की तो जगावा म्हणून?
चर्चच्या वळणाखाली चारशे फूट कडा आहे,
कठड्याचे खांब लाकडी.
आणि हरणं तिला आवडत नसे,
हेही खरं.

नवं कारपेट टाकलं.
ठोकळा होता तिथंच शिवला,
तीनदा उसवून.
माझे टाके इंचाला चार.

संध्याकाळी ओरिन आला. शेव्हेल सुरू केली.
ट्रे सरकला, तीन पाने खाली पडले.
त्यानं पाय तळापर्यंत दाबला,
म्हणजे त्याच्या मते तळापर्यंत.
"बघ," तो ओरडला, "अजून अर्धा दम आहे!"
मी म्हटलं, आहे.

मग किल्ली फिरवून त्यानं ती बंद केली
आणि गॅरेजात इतकं शांत झालं
की नळ गळतोय ते कळलं.
तो चालत पिवळीकडे गेला,
उजव्या बाजूनं आत शिरला,
गुडघे छातीशी घेऊन बसला.
"चल. तू चालव.
चर्चच्या वळणाला ब्रेक लावायचा नाही,
ती लावत नसे."